ऱ्हाईनवरची लाँच आणि एक वादग्रस्त डबा

मी जर्मनीत कोर्टात दुभाष्याचं काम करते, असं कळलं की आमचे नातेवाईक आधी एकमेकांकडे बघतात. त्यांच्या आठवणीतली मी लग्नाच्या हॉलमध्ये खांबाला टेकून उभी असते आणि 'काय गं, कितवीला तू?' या प्रश्नाचं उत्तर माझी आई देते. "ही? कोर्टात? बोलते?" असं एका आत्याने मला ऐकू जाईल अशा बेताने विचारलं होतं.

खरं सांगायचं तर लाजऱ्या माणसाला याहून सोयीचं काम नाही. दिवसभर बोलायचं आणि त्यातलं एकही वाक्य आपलं नसतं. चूक वाटली तर ज्याचं वाक्य त्याला विचारा. मला मत विचारायला कुणी येत नाही आणि मी कुणाला ते देत नाही. सगळे माझ्याकडे बघतात, पण बघत असतात ते माझ्या पलीकडच्या माणसाला. आयुष्यभर मी जी जागा शोधत होते ती मला कोर्टाच्या दुभाष्यांच्या सरकारी यादीत मिळाली.

यादीत नाव लागलं तेही थोडं अपघातानेच. मी कायझर्सलाउटर्नला शिकायला आले होते. जवळच्या एका कोर्टात मराठी माणसाचा खटला आला आणि नेहमीच्या हिंदी दुभाष्याने प्रामाणिकपणे सांगितलं, की हे गृहस्थ जे बोलतात ते मला कळत नाही. विद्यापीठात शोधाशोध होऊन निरोप माझ्यापर्यंत आला. मी हो म्हटलं, कारण नाही म्हणायला जास्त बोलावं लागलं असतं.

माझं सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमात. घरी मराठी, पण जेवण-झोप-अभ्यास एवढ्यापुरती. मराठी आकडे तर मला येतच नव्हते. कुणी 'एकोणसत्तर' म्हटलं की मी आईकडे बघायची. ते आकडे मला शेवटी जर्मनने शिकवले. जर्मनमध्येही पंचविसातला पाच आधी म्हणतात आणि वीस मागून. इंग्रजी शाळेने जे बारा वर्षांत होऊ दिलं नाही ते कोर्टाच्या पहिल्या महिन्यात झालं.

कामाचे नियम सोपे आहेत, आणि ते पाळायची कोर्टात शपथ घ्यावी लागते. समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं. पन्नाशीचा ट्रकवाला 'मी दारू प्यायलो नव्हतो' म्हणाला, की मीही तितक्याच ठामपणे जर्मनमध्ये सांगायचं, मी दारू प्यायलो नव्हतो. त्यात भर घालायची नाही आणि कमीही करायचं नाही. सुनावणी चालू असताना नवरा बायकोच्या कानात काही कुजबुजला आणि ते ऐकू आलं, तर त्याचंही भाषांतर करायचं. हे शेवटचं लोकांना माहीत नसतं. त्यांना वाटतं, आपण मराठीत बोललो म्हणजे घरातच बोललो.

'भर घालायची नाही' हा नियम मी एकदाच मोडला. एका भाडेकरूवर घरमालकाची तक्रार होती, की जिन्यात रोज संध्याकाळी काहीतरी जळल्याचा वास येतो. भाडेकरू नुसता म्हणाला, "फोडणी होती." मी ते सांगितलं आणि पुढे स्वतःचं म्हणून फोडणीबद्दल चार वाक्यं सांगितली, मोहरीपासून हिंगापर्यंत. न्यायाधीशांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फ्राऊ डोल्मेचरिन, प्रश्न त्यांना विचारला होता. तुम्ही कुठल्या मजल्यावर राहता?" डोल्मेचरिन म्हणजे दुभाषीबाई. त्यानंतर मी जिभेला कुलूप लावलं. पुढे जे घडलं त्यात हे कुलूप महत्त्वाचं आहे, म्हणून सांगितलं.

एका सोमवारी सकाळी मला एका बाईंचा फोन आला. नाव हेल्गा. ऱ्हाईन नदीवर त्यांच्या नवऱ्याची, म्हणजे क्लाउस कप्तानाची, प्रवासी बोट होती. रविवारी लोकांना बसवून किल्ले दाखवत न्यायचं आणि संध्याकाळी परत आणायचं, हा त्यांचा धंदा. हेल्गाबाई बोटीवरचं स्वयंपाकघर बघायच्या. त्या म्हणाल्या, "काल शेवटच्या धक्क्यावर सगळे उतरले. मी आत गेले तर एक बाई बसून माझे बटाटे सोलत होत्या. छान सोलतात. पण त्या कोण आहेत ते आम्हाला कळत नाही. साडी नेसल्या आहेत असं सांगितल्यावर कोर्टाने तुमचा नंबर दिला. देऊ का त्यांना?"

मी म्हटलं, "हॅलो, मी दुभाषी बोलतेय. तुमचं नाव काय?"

पलीकडून बटाटे सोलल्याचा आवाज येत राहिला. मग, "मराठी? अगं बया! कुठली गं तू?"

"पुण्याची."

"पुण्याची म्हंजी देसायांची कोण?"

"कुणीच नाही."

"मग बोलते," बाई म्हणाल्या.

त्या लीलाबाई. सगळे त्यांना लीलामावशी म्हणायचे, म्हणून मीही म्हणायला लागले. दुपारी मी बोटीवर गेले तेव्हा त्या ओट्यापाशी फरशीवर मांडी घालून बसल्या होत्या. अंगावर सुती साडी, वर कुणाचा तरी जुना स्वेटर. शेजारी चार कप्प्यांचा स्टीलचा डबा. बोलताना हात थांबत नव्हते.

देसाई म्हणजे पुण्याचं एक आयटीतलं जोडपं, शैलेश आणि अस्मिता, आणि त्यांची चार वर्षांची ईरा. नोकरीसाठी इकडच्या एका छोट्या गावात राहायला आलेले. पुण्यात मावशी त्यांच्याकडे कामाला होत्या. 'आमच्या मावशी तीन महिने पाहुण्या म्हणून येणार' असं सांगून त्यांनी पाहुण्यांचा व्हिसा काढला आणि मावशींना घेऊन आले. इथे सकाळच्या चहापासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत सगळं काम मावशींचं. कुणाकडे पार्टी असली की पोळ्या लाटायला त्यांना तिकडेही पाठवायचे. पासपोर्ट देसायांच्या कपाटात. आणि बाहेर एकटं जायचं नाही, कारण जर्मन न येणाऱ्या माणसाला पोलीस उचलून नेतात, असं त्यांना सांगितलेलं.

"माझ्या लेकीचं पयलं बाळंतपण आहे," मावशी म्हणाल्या. "म्हटलं, तीन महिने झाले, आता धाडा. तर बाई म्हणतात, आणखी सहा महिने राहा, मग बघू. म्हटलं, कागदावर तीनच आहेत ना? तर म्हणतात, तुम्हाला काय कळतंय कागदातलं."

व्हिसा त्याच महिन्यात संपत होता. त्याच्या आत पासपोर्ट हातात आला नाही तर मावशी इथे बेकायदा ठरणार आणि मग पोलिसांची ती खोटी भीती खरी होणार. लेकीचं बाळंतपण तर दूरच.

"पण मग बोटीवर कशा राहिलात तुम्ही?" मी विचारलं.

"राहिले काय, उतरलेच न्हाई."

मावशींचं माहेर कोयना धरणाच्या पाण्यापलीकडचं. त्या गावांना रस्त्यापेक्षा लाँच जवळची. बाजाराला लाँच, दवाखान्याला लाँच, नवरी सासरी जायची तीसुद्धा लाँचने. रविवारी देसाई किल्ला बघायला म्हणून बोटीवरून उतरले. पुढे साहेब कॅमेरा घेऊन, मागे बाई लेकीला घेऊन, सगळ्यांत मागे डबा आणि पिशव्या घेऊन मावशी. नेहमी असंच चालायचं. मावशी फळीवर पाय ठेवता ठेवता थांबल्या.

"कुणी मागं वळून बघितलं न्हाई. म्हटलं, बसून राहावं. लाँच कुठंतरी जाऊन थांबतीच. आन लाँचवाल्याला सगळं सांगता येतं. आमच्याकडं पोलिसाला कोण सांगत न्हाई, लाँचवाल्याला सांगतात. त्याला सगळ्या काठांची माणसं ठावं असतात."

मी हे क्लाउस कप्तानाला सांगितलं. पांढऱ्या मिशांचा, पोटाने भरभक्कम, बोलायला महाकंजूष माणूस. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली आणि फक्त "गेनाऊ" म्हणाला. म्हणजे, बरोबर आहे. मला वाटतं, इतक्या वर्षांत त्याच्या धंद्याचं इतकं नेमकं वर्णन त्याच्यासमोर कुणी केलं नव्हतं.

तेवढ्यात शैलेश देसायांचा फोन आलाच. त्यांनी बोटीचा नंबर शोधून काढला होता. कप्तानाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हो, इथेच आहेत. नाही, यायचं नाही म्हणतात. नाही, मी आणून सोडणार नाही. माझ्या बोटीवर कुठे उतरायचं ते प्रवासी ठरवतो." आणि फोन ठेवला. हे त्याचं त्या आठवड्यातलं सगळ्यांत मोठं भाषण होतं.

दोन दिवसांनी देसायांच्या वकिलाचं कप्तानाला पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, की आपण आमच्या अशिलांच्या कुटुंबातील एका सदस्येला त्यांच्या परवानगीशिवाय बोटीतून वाहून नेलं आहे, सबब तिला तात्काळ परत करावं. त्यासोबत 'चार भागांचं स्टेनलेस स्टीलचं भांडं, अशिलांच्या मालकीचं' हेही परत करावं.

कप्तान ते पत्र घेऊन आपल्या वकिलाकडे गेला. डॉक्टर ब्रेमर साठीच्या पुढचे, गोड खाण्याची आवड, कोटाच्या खिशात कायम केकचा कण. त्यांनी पत्र वाचलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका आली.

"पस्तीस वर्षं!" ते म्हणाले. "पस्तीस वर्षं मी वाट बघतोय!"

त्यांचा पीएचडीचा विषय होता, अमेरिकेत गुलामगिरी असतानाचे नदीवरच्या बोटींचे खटले. तो विषय घेऊन ते आयुष्यभर भाडेकरूंची आणि कुंपणांची भांडणं लढत आले होते. बोटीवरच्या बाकावर बसून त्यांनी आम्हाला समजावलं. त्या काळी तिथल्या मोठ्या नद्यांवर वाफेच्या बोटी चालायच्या. एखादी गुलाम बाई चांगले कपडे घालून, हातात पिशवी घेऊन बोटीवर चढायची आणि पलीकडच्या काठाला निघून जायची. ती काही मालकाला सापडायची नाही. मग मालक कप्तानावर दावा लावायचा, की माझी मालमत्ता तू माझ्या परवानगीशिवाय वाहून नेलीस, भरपाई दे. कप्तान म्हणायचा, मी बोट चालवू की प्रत्येकाचे कागद बघत बसू?

"आणि गंमत ऐका," ते पुढे सरसावून म्हणाले. "बोटीला अपघात होऊन गुलाम बुडाला, की मालक म्हणायचा, तो माल होता, मालाची जबाबदारी बोटीची. तेव्हा एका मोठ्या कोर्टाने सांगितलं, नाही, हा माल नव्हे, हा प्रवासी. गोणी काही स्वतःच्या मनाने हलत नाही, माणूस हलतो. पण तीच व्यक्ती पळून गेली की पुन्हा मालमत्ता! बुडाली तर प्रवासी, पळाली तर माल!"

मी हे सगळं मावशींना सांगत होते. त्यांचे हात पहिल्यांदाच थांबले.

"लाँचवाल्यावर केस करायची?"

"हो."

"त्याचा काय दोष त्यात?" आणि मग, "आन त्या बाया? सुटल्या का?"

मी विचारलं. डॉक्टर ब्रेमरांच्या चेहऱ्यावरचा उजेड जरा कमी झाला. "कधी सुटल्या," ते म्हणाले. "कधी नाही." मग त्यांनी पत्राची घडी घातली. "हे बघा, ही काही गुलामगिरी नाही. तसं मी कोर्टात म्हटलं तर मला हसतील. पण पत्र लिहिणाऱ्याची भाषा बघा. ती तिथूनच आली आहे."

त्यांनी मावशींच्या वतीने आर्बाइट्सगेरिश्टमध्ये, म्हणजे कामगारांच्या कोर्टात, तातडीचा अर्ज केला. पासपोर्ट मालकाने ताबडतोब परत द्यावा म्हणून. मुद्दा एकच होता. मावशी कामाला होत्या असं कोर्टाला पटलं, तर कोर्ट आदेश देणार. त्या पाहुण्या आलेल्या मावशी आहेत असं पटलं, तर हे घरगुती प्रकरण, या कोर्टाचा संबंध नाही, दुसरीकडे जा. आणि दुसरीकडे जाईपर्यंत व्हिसा संपलेला असणार.

सुनावणीच्या दिवशी मावशी तो वादग्रस्त डबा घेऊन आल्या. डॉक्टर ब्रेमरांनीच सांगितलं होतं, की निदान ही चोरीची भानगड पहिल्यांदा मिटवून टाकू. डब्याभोवती त्यांनी हेल्गाबाईंचा चौकटीचा रुमाल घट्ट बांधला होता.

देसाई तिघंही आले होते. तिघं, कारण ईराला सांभाळायला घरी कुणी नव्हतं. त्यांचा वकील तरुण होता आणि सकाळी न खाता निघाल्यासारखा दिसत होता. न्यायाधीशबाई बारीक चणीच्या, चष्मा नाकाच्या टोकावर, आवाज असा की कुणी खुर्ची सरकवली तर त्या थांबायच्या. शैलेशरावांना जर्मन चांगलं येत होतं. अस्मिताताईंना येत नव्हतं, म्हणून त्यांच्यासाठीही मीच. मी नेहमीसारखी, माझ्यातून पलीकडचं दिसेल अशी होऊन बसले.

"ती आमची मावशी आहे," शैलेशराव म्हणाले. "आम्ही दिवाळीला तिच्या पाया पडतो."

"कोणाची बहीण?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"म्हणजे?"

"तुमच्या आईची की वडिलांची?"

"कुणाचीच नाही. म्हणजे आमच्या संस्कृतीत प्रत्येक मोठ्या बाईला..."

इथे मला समजावून सांगण्यासारखं खूप होतं. पण मला कुणी विचारलं नव्हतं. मी पाण्याचा घोट घेतला.

"त्या बोटीवरच राहिल्या, हे तुमच्या कधी लक्षात आलं?"

"साधारण तासाभराने. माझ्या मुलीला भूक लागली आणि डबा सापडेना. डबा मावशींकडे होता."

न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "म्हणजे तुम्ही डबा शोधत होता."

"सुरुवातीला," शैलेशराव म्हणाले.

डॉक्टर ब्रेमरांना राहवलं नाही. ते उठले, कोट झटकला, आणि "माननीय न्यायाधीश, अमेरिकेतील वाफेच्या बोटींच्या संदर्भात..." इतकं म्हणाले.

"हेर डॉक्टर," न्यायाधीशबाई म्हणाल्या, "आपण ऱ्हाईनवर आहोत. बसा." पस्तीस वर्षं पुन्हा खाली बसली.

पुढचा अर्धा तास मात्र आमच्या विरुद्ध गेला. देसायांच्या वकिलाने फोटो दाखवले. वाढदिवसाला केकजवळ मावशी. बागेत ईराचा हात धरून मावशी. ईरा त्यांना किती बिलगते, हेही सांगितलं, आणि ते खरंच होतं. न्यायाधीशबाई म्हणाल्या, की कुटुंबातली मोठी बाई घरकामात हातभार लावते, हे त्यांच्या आजोळीही होतं. कोर्टाला विचार करायला थोडा वेळ हवा, पंधरा मिनिटं सुट्टी. डॉक्टर ब्रेमर माझ्या कानात म्हणाले, "हे काही बरं चिन्ह नाही."

बाहेरच्या व्हरांड्यात भिंतीला लागून खुर्च्यांची रांग होती. आम्ही बसतोय तोच ईरा धावत आली. या मुलीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये.

"लीलामावशी, इश हाबे हुंगर!"

"भूक लागली? लागणारच," मावशी म्हणाल्या. त्यांना जर्मन येत नव्हतं, पण ईरा येत होती. त्या भिंतीशी खाली बसल्या, रुमाल सोडला आणि डबा उघडला. वरच्या कप्प्यात पुऱ्या, त्याखाली बटाट्याची भाजी, खाली शिरा.

"मावशी," मी हळूच म्हटलं, "हा तर परत द्यायचा डबा आहे ना?"

"मग? रिकामा देऊ व्हय?" त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, की माझं इंग्रजी शाळेतलं शिक्षण मला पुन्हा एकदा जाणवलं. "बोटीवर बटाटे ढिगानं. पहाटं उठून केलं."

ईरा त्यांच्या मांडीला टेकून फरशीवर बसली आणि खायला लागली. देसायांचा तरुण वकील वासाच्या दिशेने आला. "हेच ते वादग्रस्त भांडं?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. "आणि आत?" मी म्हटलं, बटाटे. मावशींनी त्याला झाकणात दोन पुऱ्या आणि भाजी दिली. विरुद्ध पक्षाचा वकील हे त्यांना मी सांगितलं होतं, पण तो उपाशी आहे हे त्यांनी स्वतः बघितलं होतं. त्याने इकडेतिकडे बघून खाल्लं.

तेवढ्यात अस्मिताताई आतल्या बाजूने आल्या आणि मुलीला बघून थबकल्या.

"ईरा! ऊठ आधी. खाली काय बसलीस? फ्रॉक घाण होईल. कोण कुठली माणसं चालतात इथून. चल, खुर्चीवर बस."

ईरा उठली. अस्मिताताईंनी तिचा फ्रॉक झटकला आणि तिला खुर्चीवर बसवलं. मावशी तिथेच फरशीवर बसून पुढचा घास करत होत्या.

निरीक्षण हा माझा एकुलता एक गुण आहे असं मला वाटत आलं होतं. पण खरं सांगते, मला यात काहीच दिसलं नाही. इतकं ते ओळखीचं होतं.

कॉफीच्या मशीनजवळ न्यायाधीशबाई उभ्या होत्या. कप त्यांच्या हातात तसाच. त्या माझ्याजवळ आल्या.

"फ्राऊ डोल्मेचरिन, आई मुलीला काय म्हणाली?"

"ईरा, ऊठ. फरशी घाण आहे. खुर्चीवर बस."

"आणि मावशींना?"

मी तोंड उघडलं. मला कितीतरी सांगता आलं असतं. फोडणीसारखं, मोहरीपासून हिंगापर्यंत. पण भर घालायची नाही. आणि कमीही करायचं नाही.

"मावशींना काही नाही," मी म्हटलं.

"काही ऐकू आलं नाही, की काही म्हणाल्या नाहीत?"

"काही म्हणाल्या नाहीत."

त्यांनी मान हलवली आणि कॉफी न पिता आत गेल्या. जे बोललं गेलं नाही त्याचं भाषांतर मी पहिल्यांदाच केलं होतं.

सुनावणी पुन्हा सुरू झाली. न्यायाधीशबाई अस्मिताताईंना म्हणाल्या, "आत्ता बाहेर तुम्ही मुलीला फरशीवरून उठवलंत, कारण फरशी घाण होती. बरोबर?"

मी सांगितलं. "हो," अस्मिताताई म्हणाल्या.

"त्याच फरशीवर तुमच्या मावशी बसल्या होत्या."

अस्मिताताई गोंधळल्या. त्यांना प्रश्नच कळेना, आणि तो त्यांना का कळत नाही ते मला नीट कळत होतं. "पण," त्या म्हणाल्या, "त्यांना सवय आहे ना."

शैलेशराव दातांतल्या दातांत पुटपुटले, "तू गप्प बस गं जरा."

मी दोन्ही वाक्यं एकामागून एक, त्याच आवाजात सांगितली. त्यांना सवय आहे ना. तू गप्प बस गं जरा. शैलेशराव माझ्याकडे असे वळले, जणू टेबलावरचा टेलिफोन आपणहून बोलायला लागला होता.

"आमच्या संस्कृतीत," ते घाईने म्हणाले, "सगळेच खाली बसतात!"

"असं?" न्यायाधीशबाई म्हणाल्या. "घरी तुम्ही कुठे जेवता?"

"टेबलावर."

"मुलगी?"

"टेबलावर."

"आणि मावशी?"

शैलेशराव हुशार माणूस. त्यांना उत्तर येत होतं, ते कुठे जाऊन पोचणार हेही दिसत होतं. त्यांनी आपल्या वकिलाकडे बघितलं. वकिलाच्या टायवर भाजीचा पिवळा डाग होता. त्याने न्यायाधीशबाईंकडे दोन मिनिटं मागितली, अशिलाला कोपऱ्यात नेलं आणि आमच्याकडे पाठ करून हळूच काहीतरी सांगितलं. शैलेशराव परत आले, बॅग उघडली आणि पासपोर्ट टेबलावर ठेवला. व्हिसा पाहुण्यांचा आहे हे दाखवायला त्यांनी तो स्वतःच सोबत आणला होता. पगाराचं वकिलांनी आपसांत मिटवावं असं ठरलं, आणि कप्तानावरचं पत्र मागे घेतलं गेलं.

"आता भांडं," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

मावशी उठल्या. डबा पुन्हा रुमालात बांधलेला होता. तो त्यांनी दोन्ही हातांनी अस्मिताताईंपुढे धरला. अस्मिताताईंनी घेतला आणि त्यांचा हात वजनाने खाली गेला.

"मावशी, भरलेला आहे."

"पोरगी अर्धवट उठली जेवणातनं. घरी गेल्यावर घाला."

खिडकीकडे तोंड करून त्या डबा धरून उभ्या राहिल्या. भाषा न येणाऱ्या गावात, दिवसभर लहान मूल घेऊन एकट्या राहणाऱ्या बाईचं काय होतं, तेही मी इथे पुष्कळ पाहिलं आहे. पण त्या काही बोलल्या नाहीत, म्हणून मला सांगायलाही काही नव्हतं. ईराने मात्र विचारलं, मावशी आता घरी येणार का. जर्मनमध्येच. मी भाषांतर करायच्या आधीच मावशींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्या दाराकडे निघाल्या.

संध्याकाळी आम्ही बोटीवर गेलो. मावशींच्या विमानाला अजून थोडे दिवस होते. पासपोर्ट त्यांनी ब्लाउजच्या आत ठेवला होता आणि दर थोड्या वेळाने वरून चाचपून बघत होत्या. हेल्गाबाईंनी वरच्या डेकवर टेबल मांडलं. बटाट्याचं सॅलड, पाव, आणि डॉक्टर ब्रेमरांसाठी केक. मावशींना मानाने मधल्या खुर्चीवर बसवलं. त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते. दोन घास खाऊन त्या माझ्याकडे वाकल्या.

"यांना सांग, वाईट वाटून घेऊ नका. पण अधांतरी बसून घास उतरत न्हाई."

मी सांगितलं. मावशी ताट घेऊन डेकवर खाली बसल्या, पदर सारखा केला, आणि मगच नीट जेवायला लागल्या. आम्ही चौघं खुर्च्यांवर, त्या खाली. कुणालाच पुढे खाता येईना. सकाळचं सगळं कोर्ट त्या टेबलावर येऊन बसलं होतं.

क्लाउस कप्तानाने टोपी काढली. मग काही न बोलता आपली प्लेट उचलली आणि मावशींच्या समोर खाली बसायला लागला. त्याला बराच वेळ लागला. वाटेत गुडघे दोनदा वाजले. त्याच्यामागून हेल्गाबाई बसल्या, मग सुटासकट डॉक्टर ब्रेमर, हातात केक सांभाळत. मी बसले. मांडी घालून जेवायला मीही कितीतरी वर्षांत बसले नव्हते.

"ह्यांना कशाला तरास," मावशी म्हणाल्या, पण हसत होत्या. मग त्यांनी कप्तानाच्या प्लेटमध्ये आपल्या हाताने सॅलड वाढलं. पलीकडच्या काठावरचे दिवे एकेक करून लागत होते आणि डॉक्टर ब्रेमर एकदाचे, कुणी न थांबवता, अमेरिकेतले खटले सांगत होते. मावशी मधूनमधून विचारायच्या, "ही सुटली का?"

जेवण झाल्यावर कप्तान उठायला गेला आणि उठेचना. आम्ही तिघांनी मिळून त्याला ओढलं. मावशी मागून आधार देत होत्या. अर्ध्यावर आला असताना त्याच्या तोंडातून एक लांबलचक वाक्य बाहेर पडलं. इतकं लांब तो आठवडाभरात बोलला नव्हता.

"काय म्हणले गं ते?" मावशींनी विचारलं.

मी कप्तानाकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं.

"जेवण छान झालं म्हणतात," मी म्हटलं. आमची शपथ फक्त कोर्टात लागू असते.